पगार थकलाय? अर्ज कुठे करायचा ते टप्प्याटप्प्याने

पगार थकला की बरेच जण पहिला अर्ज चुकीच्या ठिकाणी देऊन बसतात. कुणी पोलीस स्टेशनला जातं, कुणी ग्राहक मंचात, कुणी ओळखीच्या वकिलाकडून थेट दिवाणी दावा लावतं. मग काही महिने तारखा पडून झाल्यावर कळतं की हे आमच्या अखत्यारीत येत नाही, आणि तोवर मालकाने ऑफिस हलवलेलं असतं, सोबतचे साक्षीदार दुसरीकडे नोकरीला लागलेले असतात. म्हणून अर्ज लिहायच्या आधी खालचे पहिले चार टप्पे कागदावर उत्तरं लिहून पूर्ण करा, त्यातूनच तुमचं ठिकाण ठरतं. हे सगळं महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९, म्हणजे लोक ज्याला वेज कोड म्हणतात तो, लागू झालाय. त्याने १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा रद्द केलाय. त्यामुळे व्हॉट्सॅपवर फिरणारे जुने नमुना अर्ज, "२४,००० च्या वर पगार असेल तर क्लेम करता येत नाही" किंवा "बारा महिन्यांत अर्ज करा" असं सांगणारे, नवीन थकबाकीसाठी वापरू नका. त्या तारखेआधीच दाखल झालेली केस मात्र जुन्या कायद्याच्या हिशोबाने पुढे चालते, ती काढून नवीन लावायच्या भानगडीत पडू नका.

टप्पा १: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण

वेज कोडमधला "कर्मचारी" हा शब्द खूप मोठा आहे. हेल्पर, क्लार्क, सुपरवायझर, सेल्सवाला, मॅनेजर सगळे त्यात येतात आणि पगाराची वरची मर्यादा नाही. म्हणजे "मी मॅनेजर ग्रेडला होतो, मला लेबर ऑफिस दारात उभं करणार नाही" हा समज आता सोडा. दुकान, कारखाना, आयटी कंपनी, हॉटेल, खाजगी हॉस्पिटल अशा कुठल्याही आस्थापनेत नोकरीला असाल तर तुमचा मार्ग साधारणपणे वेज कोडखालच्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पगाराचे क्लेम ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो.

पण काही जण यात बसत नाहीत, त्यांनी इथेच वळायचं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं, त्याला सगळे मॅट म्हणतात, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची खंडपीठं आहेत. केंद्र सरकारी असाल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. या दोन्हीकडे आधी खात्यात लेखी निवेदन द्यावं लागतं, आणि त्यावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर तिथून पुढे एक वर्षात अर्ज. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, त्यांचा रस्ता उच्च न्यायालयात रिट हा, म्हणजे सरकारी यंत्रणेला आदेश द्या असा थेट अर्ज.

खाजगी शाळेतले शिक्षक बऱ्याचदा शाळा न्यायाधिकरणात पगाराचा अर्ज घेऊन जातात. ते न्यायाधिकरण बडतर्फी, पदावनती, ज्येष्ठता डावलणं अशा गोष्टींच्या अपिलासाठी आहे, निव्वळ पगार अडलाय म्हणून तिथे अपील होत नाही. अनुदानित शाळेत आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा, तिथे हललं नाही तर रिटचा विचार.

अप्रेंटिसशिप कायद्याखालचे अप्रेंटिस वेज कोडच्या बाहेर आहेत, त्यांच्या स्टायपेंडचा वाद अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरकडे जातो. नोंदणीकृत माथाडी कामगार किंवा सुरक्षा रक्षक मंडळाचे गार्ड असाल तर तुमची मजुरी मंडळामार्फत येते, म्हणून पहिली लेखी तक्रार मंडळात.

आणि फ्रीलान्सर, कन्सल्टंट: खरोखर स्वतंत्र काम करत असाल, बिल देत असाल, तर तो कराराचा पैसा आहे, पगार नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय, मुदत साधारण तीन वर्षं. कामाआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, केलेली असेल तर लघुउद्योगांची थकलेली बिलं वसूल करून देणाऱ्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो आणि तिथे व्याज पण चांगलं कडक लागतं, बँक रेटच्या तिप्पट, तेही चक्रवाढ.

तपासा: कागदावर कन्सल्टंट लिहिलंय पण रोज हजेरी लावत होता, रजा मागून घेत होता, बॉस काम वाटत होता, दर महिन्याला ठरलेली रक्कम येत होती? मग लगेच हार मानू नका. नावापेक्षा प्रत्यक्ष नातं बघितलं जातं, फक्त ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, त्यामुळे त्या हजेरीचे आणि मेलचे पुरावे दुप्पट जपा.

टप्पा २: पैसे कुठले थकलेत, त्याचे वेगळे ढीग करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक एकाच अर्जात पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, मानसिक त्रासाची भरपाई आणि नोकरी परत द्या असं सगळं कोंबतात. मग समोरचा वकील पहिल्याच तारखेला "हे इथे चालणार नाही" म्हणतो आणि निम्म्या गोष्टीत तो बरोबर असतो.

न दिलेला पगार, कमी दिलेला पगार, किमान वेतनातला फरक, ओव्हरटाइम, बेकायदा कपात, राजीनाम्यानंतरचा अडवलेला पगार: हा वेज कोडचा ढीग. यात घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता सुद्धा धरायचा, पगार देण्याच्या बाबतीत कायदा हे भत्ते मोजतो, कंपनी "फक्त बेसिक देणं लागतो" म्हणाली तर ऐकू नका.

पीएफ कापला पण भरला नाही: तो ईपीएफओकडे, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाकडे, वेगळी तक्रार.

ग्रॅच्युइटी: आधी मालकाकडे लेखी अर्ज, तीस दिवसांत नाही दिली तर ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे. हा अधिकारी बऱ्याचदा त्याच लेबर ऑफिसच्या इमारतीत बसतो, पण अर्ज वेगळा, फाइल वेगळी.

बोनस मिळायलाच हवा की नको, किती टक्के हवा असा वाद असेल तर तो औद्योगिक विवाद धरला जातो, पगाराच्या क्लेममध्ये निकाली निघत नाही.

मग लेबर कोर्ट आणि औद्योगिक न्यायाधिकरण कधी? मुख्यतः दोन वेळा. पहिली, तुम्हाला कामावरून काढलंय आणि तुम्हाला नोकरी परत हवी, मागचा पगार हवा. तेव्हा औद्योगिक संबंध संहितेखाली आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, पंचेचाळीस दिवसांत मिटलं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, आणि काढल्यापासून दोन वर्षांच्या आत जावंच लागतं. दुसरी, युनियनचा करार किंवा निवाडा आधीच झालाय, हक्क ठरलाय, फक्त रक्कम मोजून वसूल करायची आहे. हक्कच वादात असेल, म्हणजे मालक म्हणतोय की हा भत्ता तुला लागूच नाही, तर नुसत्या रक्कम मोजायच्या अर्जावर तो प्रश्न सुटत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३सी(२) वर हे पुन्हा पुन्हा सांगितलंय.

हे दोन्ही मार्ग "कामगार" म्हणजे वर्कर लोकांना आहेत. मॅनेजर, आणि महिना १८,००० च्या वर पगार असलेले सुपरवायझर त्यात येत नाहीत. पगाराच्या क्लेमला मात्र ही अट नाही, दोन्हीतला हा फरक लक्षात ठेवा.

सावधान: नोकरी गेली आणि त्याआधीचा दोन महिन्यांचा पगार पण अडकला असेल तर एका अर्जाने दोन्ही मागू नका. आधीचा पगार वेज कोडखाली, नोकरीचा वाद समेट अधिकाऱ्याकडे. दोन्ही समांतर चालू शकतात.

टप्पा ३: केंद्राचं लेबर ऑफिस की राज्याचं

रेल्वे, खाणी, तेलक्षेत्रं, मोठी बंदरं, विमान वाहतूक, टेलिकॉम, बँका, विमा कंपन्या, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम: यांच्यासाठी केंद्र सरकार. बाकी जवळपास सगळं, कारखाने, दुकानं, आयटी, हॉटेल, बांधकाम, राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे.

लोक फसतात ते कंत्राटी कामात. बँकेच्या शाखेत हाऊसकीपिंग करणारी बाई ठाण्यातल्या एका छोट्या एजन्सीच्या पगारावर असते, म्हणून ती राज्याच्या ऑफिसात जाते. पण बँक केंद्राच्या यादीत असल्यामुळे तिथल्या कामापुरता तिचा कंत्राटदार पण केंद्राच्याच यादीत येतो, म्हणजे तिने केंद्रीय कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जायला हवं. त्यांचं समाधान नावाचं ऑनलाइन पोर्टल पण आहे.

तपासा: तुम्ही प्रत्यक्ष काम कुणाच्या जागेत, कुणासाठी करत होता? कंत्राटदाराचं नाव बघून ठरवू नका. आणि अर्जात दोघांनाही सामनेवाला करा, कंत्राटदाराला आणि मूळ कंपनीला, कारण कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ आस्थापनेची जबाबदारी कायद्याने येते. कंत्राटदार गायब झाला तरी कंपनी कुठे जात नाही.

टप्पा ४: तारखा मांडा

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा. राजीनामा दिला, काढलं किंवा कंपनी बंद झाली तर दोन कामाच्या दिवसांत. एचआर "आमची पॉलिसी आहे, फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी" म्हणतं, ती पॉलिसी कायद्याच्या वर नाही.

क्लेमची मुदत, तो उद्भवल्यापासून तीन वर्षं. उशिराचं सबळ कारण दिलं तर प्राधिकारी पुढेही अर्ज घेऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक महिन्याचा क्लेम स्वतंत्र उद्भवतो, त्यामुळे चार वर्षं किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर थांबून थांबून सगळ्यात जुने महिने हातातून जात राहतात. आणि २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची थकबाकी असेल तर तीन वर्षं आहेतच असं गृहीत धरू नका, त्याची मुदत वकिलाला किंवा युनियनला दाखवून घ्या.

सावधान: एचआरला केलेले मेल, फोन, लेबर ऑफिसातली साधी तक्रार, यातल्या कशानेही ही मुदत थांबत नाही.

टप्पा ५: कागद गोळा करा, नोकरीत असतानाच

राजीनामा दिला की ऑफिसचा मेल बंद होतो, अॅपचं लॉगिन बंद होतं. म्हणून आधी हे घ्या: नेमणूक पत्र किंवा ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट, ओळखपत्राचा फोटो, हजेरीचे स्क्रीनशॉट, पीएफचा यूएएन आणि पासबुक, पगाराबद्दल झालेलं चॅट, राजीनाम्याची पोच.

नेमणूक पत्रच दिलं नाही? फार जणांचं असंच असतं. मग पीएफ पासबुकावरचं आस्थापनेचं नाव, खात्यात आलेले आधीचे पगार, मालकाने काम सांगितलेले मेसेज, युनिफॉर्म, गेटपास, सोबतच्या दोघांची शपथपत्रं यातून नातं उभं करायचं. तुम्ही तिथे नोकरीला होता एवढं दाखवलं की पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने मालकावर जाते. तुमची मेहनत म्हणून नातं सिद्ध करण्यावर लागली पाहिजे, पगार न मिळाल्याचा पुरावा शोधण्यात नाही.

टप्पा ६: हिशोब आणि मागणीपत्र

हिशोब महिनावार करा, गोळाबेरीज रक्कम लिहू नका. समजा पगार २१,००० आणि शेवटचा दिवस २० जून. मे महिना पूर्ण थकला, २१,०००. जूनचे वीस दिवस, १४,०००. एप्रिलमध्ये कारण न देता कापलेले २,५००. एकूण ३७,५००. दर ओळीपुढे ती रक्कम कधी मिळायला हवी होती ती तारीख. दिवस तीसने भागायचे की सव्वीसने, ते तुमच्या जुन्या स्लिपमध्ये कसं केलंय तसंच करा, म्हणजे त्यावर वाद होत नाही.

मग एक पानी मागणीपत्र, स्पीड पोस्टाने आणि मेलने, दोन्ही. सात किंवा दहा दिवस द्या. धमकी नको, शिव्या नको, सोशल मीडियावर बदनामी करतो वगैरे तर मुळीच नको, तेच पत्र उद्या तुमच्याविरुद्ध दाखवतात.

सावधान: "सर्व रक्कम मिळाली, काही येणे नाही" असल्या कागदावर पैसे खात्यात यायच्या आधी सही करू नका. वेज कोडखालचा पगाराचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो हे खरं, पण पैसे मिळालेच नाहीत हे नंतर पटवून देण्यात उगाच महिने जातात.

टप्पा ७: तक्रार आणि क्लेम यातला फरक ओळखून अर्ज द्या

हा टप्पा नीट वाचा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. सरकारी कामगार अधिकाऱ्याला दिलेलं पत्र ही तक्रार. तो मालकाला बोलावतो, समजावतो, तपासणी करू शकतो. बऱ्याचदा तेवढ्यावर पैसे मिळतात पण, म्हणून तक्रार वाईट नाही. पण मालक आलाच नाही, किंवा आला आणि "देणं लागत नाही" म्हणाला, तर तिथे पैसे द्यायचा आदेश होत नाही. आदेश होतो तो वेज कोडच्या कलम ४५ खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्यासमोर क्लेम अर्ज दाखल केल्यावर. लोक वर्षभर तक्रारीचे हेलपाटे घालतात आणि त्यांना वाटत राहतं की आपली केस चालू आहे. केस लागलेलीच नसते.

म्हणून लेबर ऑफिसला गेलात की असं विचारा: "कलम ४५ चे क्लेम ऐकायचे अधिकार या जिल्ह्यात कुणाकडे आहेत?" नाव नको, पदनाम आणि पत्ता लिहून घ्या. अर्जाचा नमुना तिथूनच घ्या.

अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, नोंदणीकृत युनियन करू शकते, इन्स्पेक्टर पण करू शकतो. वीस जणांचा पगार थकला असेल तर एकच अर्ज चालतो, आणि मालकाला एकेकाला फोडणं मग अवघड जातं. मागणीत मूळ रकमेसोबत भरपाई न विसरता लिहा, प्राधिकारी थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. दहा पट मिळेलच असं नाही, पण मागितलीच नाही तर विषयच निघत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तपासा: आवक क्रमांक, शिक्का, तारीख असलेली पोच हातात आली का? पोचेशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

टप्पा ८: "हे इथे चालत नाही" म्हणाले तर

मालकाचा वकील हमखास तीन मुद्दे काढतो.

करारात लवादाचं कलम आहे, म्हणून लवादाकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये १९३६ च्या कायद्याखालच्या पगाराच्या वादात स्पष्ट सांगितलं की हा विषय लवादाने सोडवायचा नाही, त्यासाठी कायद्यानेच प्राधिकारी नेमलाय. वेज कोडची रचना पण तशीच आहे.

पगार हवा तर दिवाणी कोर्टात जा. उलट आहे. वेज कोडखाली वसूल होऊ शकणाऱ्या पगारासाठी दिवाणी दावा ऐकायला कलम ५७ ने मनाई आहे.

करारात दुसऱ्या शहराच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र लिहिलंय. दिवाणी दाव्यात असं कलम चालतं, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातलं असं कलम मान्य केलंय. पण तुम्ही दिवाणी दावा लावलेलाच नाही, कायद्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्यासमोर आहात, हे उत्तर लेखी द्या.

तारखांना हजर राहा. तुम्ही गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली काढला जाऊ शकतो, मालक गैरहजर राहिला तर एकतर्फी पुढे चालवा असा लेखी अर्ज द्या. कायद्यात तीन महिन्यांत निर्णयाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी ठेवा.

मधेच तडजोड झाली तर ती प्राधिकाऱ्याच्या नोंदीवर घ्या, बाहेर चहा पिता पिता ठरलेलं काही धरू नका. चेक दिला आणि बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची असते, ती चुकवू नका.

टप्पा ९: आदेश झाला, आता वसुली

आदेश म्हणजे पैसे नव्हेत. मालकाने दिले नाहीत तर त्याच प्राधिकाऱ्याकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा, तो दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि जमीन महसुलाची थकबाकी करतात तशी वसुली होते. दाखला गेला की स्वस्थ बसू नका, तहसील ऑफिसात फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारत राहा, आणि मालकाची मशिनरी, गाड्या, बँक खाती, जागा यांची जी माहिती तुम्हाला आहे ती लेखी पुरवा. तहसीलदाराला ती माहिती नसते, तुम्हाला असते.

निकाल विरोधात गेला तर नव्वद दिवसांत अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील.

टप्पा १०: कंपनीच दिवाळखोरीत गेली असेल

एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली की मोरॅटोरियम, म्हणजे स्थगिती, लागतो आणि बाकीच्या ठिकाणचे वसुलीचे खटले थांबतात. तेव्हा लेबर ऑफिसात फेऱ्या मारण्यात अर्थ नाही, ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे फॉर्म डी मध्ये दावा द्यायचा, जाहीर नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत. जी कागदपत्रं टप्पा ५ मध्ये गोळा केली तीच इथे लागतात. कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर कामगारांची आधीच्या चोवीस महिन्यांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने येतात, बाकी कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची त्यांच्या खालच्या पायरीवर. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे दाव्यात ते वेगळ्या ओळीत दाखवा, पगाराच्या रकमेत मिसळू नका.

एकट्याच्या थकीत पगारासाठी स्वतःहून कंपनीला एनसीएलटीत न्यायचा विचार करत असाल तर आधी आकडा बघा, त्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते.

रिझोल्यूशन प्रोफेशनलने दावा नाकारला किंवा कमी धरला तर मेलवर लेखी कारण मागा, आणि ते घेऊन एनसीएलटीत अर्ज करा.